साबणदाणीतला ट्रान्समीटर

आमच्या घरात गिटारच्या वायरवर बंदी आली ती माझ्यामुळेच. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत नागपूरकडची आमची वीसेक घरं होती, आणि त्यातल्या एका घरी बाळाच्या नामकरणाचा कार्यक्रम होता. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका माणसाकडून घेतलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार माझ्या गळ्यात होती आणि डोकं ढगात होतं. गाणारे काका चहाला गेलेले, म्हणून दोन ओळी मीच म्हणाव्यात असं वाटून मी माइककडे तोंड नेलं. ओठ जाळीला लागले मात्र, असा झटका बसला की मी मागे सतरंजीवर बसलेल्या एका काकूंच्या मांडीत जाऊन पडले.

हातात गिटारच्या तारा, तोंडाशी माइक, आणि मधे मी. साउंडवाल्यानं दोन पिनांचा प्लग कसातरी खोचलेला होता आणि करंट माझ्यातून पलीकडे गेला होता. ओठ दोन दिवस बधिर राहिला, बाकी काही झालं नाही. मांडवातले सगळे हसले, मीही हसले. आई हसली नाही.

तिचं कारण मला ठाऊक होतं, तरी मी ते सोयीनं विसरले होते. माझा धाकटा मामा लाइनमन होता. मी पहिलीत असताना तो खांबावरच गेला. वर चढण्याआधी त्याला लाइन बंद आहे म्हणून सांगितलं होतं, आणि ती बंद नव्हती. त्यानंतर कुणीही, कितीही शिकलेल्या माणसानं, ‘काही होत नाही’ असं म्हटलं की आईच्या चेहऱ्यावरचं सगळं मिटून जायचं.

घरी आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, “वायर लावून हे वाजवायचं नाही. माह्यासमोर नाही न् माह्यामागंबी नाही.”

बाबा रेल्वेच्या टेलिफोन आणि वायरलेस विभागात इन्स्पेक्टर होते. त्यांनी कागदावर चित्र काढून तिला अर्थिंग समजावून सांगायला घेतलं. तिनं चित्र शेवटपर्यंत पाहिलं.

“त्यालेबी असंच कोणीतरी समजावून सांगतलं असन,” ती म्हणाली. बाबांनी कागदाची घडी घातली आणि तो विषय तिथंच संपला.

माझ्यासाठी मात्र तो संपण्यातला नव्हता. चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होता. मुलखापासून इतक्या लांब राहणाऱ्या आमच्या लोकांचा वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस. त्या वर्षी कॉलनीचा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदाच उभा राहत होता आणि त्यात मला घेतलं होतं. पेटी, ढोलकी, आणि मी. मुलगी, तीही गिटारवर, याचं लोकांना कौतुक होतं, आणि मला त्या कौतुकाची हाव होती हे आता कबूल करायला काही हरकत नाही. पण आईच्या पाठीमागे वाजवायचं नव्हतं. तिनं पुढच्या ओळीत बसून ऐकायला हवं होतं, आणि वायरशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही.

मला राग लवकर येतो, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. दोन दिवस न जेवता (म्हणजे घरी न जेवता, कॅन्टीनमध्ये कचोरी खात) मी विचार केला, तेव्हा लक्षात आलं की आईनं वायर नको म्हटलंय, गिटार नको असं म्हटलेलं नाही. मग बिनवायरची व्यवस्था शोधायची. बस्स.

वाद्यांच्या मोठ्या दुकानातल्या मालकांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि गल्ल्याखालून एका विलायती मासिकाचं पान काढलं. त्यावर केस वाढवलेला एक गोरा माणूस गिटार घेऊन उडी मारत होता आणि त्याच्या पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी लावलेली होती. हीच ती. मालकांनी अंदाजे किंमत सांगितली, तेव्हा सोबत स्कूटरपण मिळते का, असं मी विचारलं. ते हसले, चहा पाजला आणि म्हणाले, बेटी, अशी वस्तू मीही चित्रातच पाहिली आहे.

मग राजा पार्क नावाच्या बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात एक लाल प्लॅस्टिकचा बिनवायरचा माइक सापडला, परदेशी बनावटीचा, मागे शेपटीसारखी एरियल. रेडिओचा एफएम पट्टा लावला की त्यातून आपला आवाज येतो. तेव्हा जयपुरात एफएमवर एकही स्टेशन नव्हतं, अख्खा पट्टा रिकामा पडलेला, त्यामुळे हे साधणं सोपं होतं. मी मैत्रिणीकडून तसला माइक दोन दिवसांसाठी मागून आणला, रबरबँडनं गिटारला बांधला आणि वाजवून पाहिलं. गिटारपेक्षा माझ्या बांगड्याच जास्त ऐकू येत होत्या. बांगड्या काढल्या तर माझा श्वास.

पण त्या लाल खेळण्यानं वाट दाखवली. त्याच राजा पार्कात, मागच्या गल्लीत, रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसत. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणू लागले. फाळणीत तिकडून आलेले, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी माइक पुढे ठेवून म्हटलं, यातून बांगड्या नको, फक्त गिटार हवी.

त्यांनी माझं सगळं ऐकलं. मामाचंही मी सांगून टाकलं, का कोण जाणे. ते म्हणाले, “माँ सही बोलती है, बेटी. करंट किसी का सगा नहीं.” जयपुरात आईची बाजू घेणारा तो पहिलाच माणूस, आणि मला त्याचा राग आला नाही.

ते जयपूरजवळच्या बस्सी गावच्या एका कथेकरी पंडितजींसाठी बिनवायरचे माइक बनवत. पंडितजींना चालत-फिरत कथा सांगायची सवय होती, वायर पायात यायची. त्यातलाच एक जास्तीचा ट्रान्समीटर अंकलकडे पडून होता. त्यांनी त्याचा माइक काढला, तिथं गिटारची पिन बसेल अशी खाच केली, चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि सगळं एका निळ्या साबणदाणीत बसवलं. गिटार ते साबणदाणी वीतभर वायर, तीही माझ्या अंगावरच. साबणदाणीतून आवाज हवेतून आमच्या टू-इन-वनमध्ये, म्हणजे रेडिओ-टेपमध्ये, आणि टू-इन-वन सेलवर चालणार. मेनच्या विजेशी माझा संबंधच नाही. पैसे त्यांनी फक्त सामानाचे घेतले, माझ्या शिकवणीच्या कमाईत सहज बसले. कथेकऱ्याचा ट्रान्समीटर आमच्या जयंतीला वाजणार होता, हे मात्र मी मंडळात कुणाला सांगितलं नाही.

“एक बात,” निघताना अंकल म्हणाले. “गर्मी में ये थोड़ा भागेगा. कॉइल पे मोम डाला है, फिर भी भागेगा. रेडियो का काँटा पीछे-पीछे घुमाना पड़ेगा. थोड़ा ज़्यादा खर्च करो तो दिल्ली से क्रिस्टल मँगवा दूँ, फिर नहीं हिलेगा.”

म्हणजे तापलं की साबणदाणीचं स्टेशन पट्ट्यावर जागचं सरकणार. मी म्हटलं, आधी हे पारखून बघते.

घरी पहिली हरकत बाबांची. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं हा गुन्हा आहे, आणि तो वायरलेस खात्यातल्या माणसाच्या घरात घडणार. “बाबा, साबणदाणी आहे ती,” मी म्हटलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला गिटार वाजवत बसायला सांगितलं, टू-इन-वन खांद्यावर घेतला आणि कॉलनीतून चालायला लागले. रस्त्यावरची पोरं खांद्यावर टेप घेऊन फिरत तसे आमचे इस्त्रीच्या शर्टातले इन्स्पेक्टरसाहेब! आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. पाण्याच्या टाकीपाशी आवाज संपला, तेव्हा ते परत आले. “टाकीच्या पुढं जात नाही. चालेल,” म्हणाले. शेजारच्या टीव्हीवर मात्र आडव्या रेषा येत होत्या, म्हणून रविवारी सकाळी वाजवायचं नाही असा नियम त्यांनी घातला.

आईनं साबणदाणी उघडायला लावली. बॅटरी हातात घेऊन वजन पाहिलं.

“हेच्यात किती जोर आहे?”

“टॉर्चपेक्षाही कमी.”

“न् तो रेडिओ सैपाकघरात ठेवायचा. माह्या नजरेसमोर. त्याले वायर कुठून येऊन राह्यली, कुठं जाऊन राह्यली, मले दिसलं पाह्यजे.”

मी एका पायावर तयार झाले. मी पुढच्या व्हरांड्यात, रेडिओ मागच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, मधे दोन खोल्या. लांबून पारखणंही आपोआप होत होतं. मार्चची दुपार, व्हरांड्यात ऊन, पत्रा तापलेला. मी रोज दोन तास वाजवायची. आतून आवाज यायचा तो असा स्वच्छ, की मला माझंच नवल वाटायचं. मधेच कधीतरी ‘फस्स’ व्हायचं, आवाज बसल्यासारखा व्हायचा, आणि मी तोंड वाकडं करेपर्यंत पुन्हा आपोआप ठीक व्हायचा.

आपोआप. हा शब्द मी तेव्हा खूप वापरला.

बाबा ऑफिसातून आले की विचारायचे, “आज सरकलं का?” मी म्हणायची, नाही. “सरकलं पाहिजे,” ते म्हणायचे. एवढ्या उन्हात असलं साधं सर्किट जागेवर राहतं, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत होतं. आई ताटं मांडत असायची.

मी राजा पार्कला जाऊन अंकलनाही ऐकवलं. “अंकल, नहीं भागता.” त्यांनी चष्मा काढला. “भागता है, बेटी. सबका भागता है.”

“मेरा नहीं भागता.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या तोंडावर थाप मारत होते. क्रिस्टलचं पुन्हा विचारलं, बाबांनीही घेऊन टाक म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. तीन आठवडे मी स्वतः पारखलं होतं, उन्हात बसून. मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या वयात माझ्या नाकावरच्या रागाशेजारी थोडा शहाणपणाही बसलेला असायचा.

जयंतीच्या दिवशी कॉलनीच्या मैदानात मांडव होता. वंदना झाली, भाषणं झाली, एक साहेब जरा जास्तच बोलले, आणि पाचच्या सुमारास गाणी सुरू झाली. ऊन अजून तसंच होतं, मांडवाचं कापड तापून त्याचा वास येत होता. मंचाच्या डाव्या बाजूला टेबलावर साउंडवाल्याचा ॲम्प्लिफायर, त्याच्या शेजारी आमचा टू-इन-वन, सेलवर, इअरफोनच्या भोकातून ॲम्प्लिफायरला जोडलेला. बाबांनी प्लगपासून सगळं तपासलं होतं. मी मंचाच्या मधोमध, कुठल्याच वायरला न बांधलेली. आई बायकांमध्ये दुसऱ्या ओळीत बसली होती. आली होती, एवढ्यानंच माझे पाय हलके झाले होते.

पहिलं गाणं झकास झालं. मी गाणाऱ्या काकांभोवती एक फेरीसुद्धा मारली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर फस्स झालं. मी वाट पाहिली. आता होईल ठीक. झालं नाही. साउंडवाल्यानं आवाज वाढवला, तर सगळ्या मांडवात नुसतीच खरखर भरली. त्यानं घाईनं रेडिओचा काटा फिरवला तो भलतीकडेच. पेटीवाले काका माझ्याकडे बघत तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. माझी बोटं तारांवर चालत होती आणि तीनशे माणसांना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. रागानं माझे कान तापले. ती साबणदाणी काढून टाचेखाली चिरडावी असं वाटलं.

साउंडवाल्या भैयानं टेबलाखालून एक लांब वायर काढली आणि टोक माझ्यापुढे धरलं. “मैडम, आपका डिब्बा गया. तार लगा लो, दो सेकंड का काम है.”

ते टोक मी हातात घेतलं. खरं तेच सांगते. चार महिन्यांचा आटापिटा, पुढे बसलेली माणसं, आणि ते गाणं. मी साबणदाणीची पिन काढायला हात घातला, आणि मग आईकडे पाहिलं. तिच्या जागेवर कुणी नव्हतं.

वाटलं, गेली. माझ्या हातात वायर दिसली आणि उठून घरी गेली.

तेवढ्यात माझी गिटार वाजली. हात नकळत तारेला लागला होता आणि भोंग्यातून सूर आला, स्वच्छ, व्हरांड्यात यायचा तसा. मी वळून पाहिलं. आई टेबलाशी वाकून उभी होती. साउंडवाल्याला तिनं कोपरानं बाजूला सारलं होतं, “सरक बाप्पा जरा,” असं काहीतरी म्हणत, आणि दोन बोटांनी रेडिओचं बटण धरलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मान तिरकी करून ती फक्त ऐकत होती, दूध उतू जायच्या आधी ऐकते तशी. मी वायर खाली टाकली आणि गाण्यात शिरले.

पुढची सहा गाणी ती तिथंच होती. कुणीतरी तिला स्टूल दिलं. सूर जरा बसायला लागला की तिची बोटं केसभर हलायची आणि तो उठायचा. बाबा मंचाखाली हात बांधून उभे होते, आणि त्यांचा चेहरा महिन्यानंतर पहिल्यांदाच समाधानी दिसत होता. साबणदाणी सरकत होती. शास्त्र खरं होतं.

मंचावरून उतरताच मी तिला विचारलं, “तुला कसं जमलं हे?”

“त्यात काय जमाचं? रोज तं करतो मी. तू तिकडं वाजवतं, ते इकडं सरकते. कणीक भिजवता भिजवता एका हातानं धरून बसतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू थांबली असती नं.”

महिनाभर मी व्हरांड्यात माझ्या निवडीवर खूश होते. बाबांशी वाद घालत होते, अंकलसारख्या माणसाला खोटं पाडत होते. आणि आत आई पिठाच्या हातानं माझ्यामागे काटा फिरवत होती, जे वाजवू नकोस असं तिनंच मला बजावलं होतं त्यासाठी. पुढच्या आठवड्यात मी राजा पार्कला जाऊन अंकलना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते खूप हसले. क्रिस्टल त्यांनी मागवून दिलं, पैसे माझ्या सवडीनं घेतले. आज ते नाहीत, बाबाही नाहीत. एका पोरीच्या हट्टासाठी या माणसांनी आपापली कामं बाजूला ठेवली, आणि मला त्या वेळी ते माझ्या हक्काचं वाटत होतं. आता आठवलं की डोळे भरतात.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं सांगायचं आहे. सामान आवरायला मी टेबलाशी गेले, तेव्हा आई बसली होती ती जागा मला नीट दिसली. ॲम्प्लिफायरची मागची जाळी उघडीच होती. मेनची वायर स्टुलाच्या पायाला वेढा घालून गेली होती, जोडावर नुसती चिकटपट्टी, आणि दोन भोंग्यांच्या वायरी तिच्या गुडघ्याला लागतील अशा लोंबत होत्या. तासाभराहून जास्त वेळ ती त्यांच्यात बसली होती. तिथं जायला दुसरी वाट नव्हती, म्हणजे बसताना तिला ते सगळं दिसलं होतं.

घरी जाताना मी तिचा हात धरला. तो गार होता, एप्रिलच्या उन्हाळ्यात.

“आई, भीती नाही वाटली?”

“वाटली नं,” ती म्हणाली. “लय वाटली. पण तुह्या हातात ती वायर पाह्यली, न् मंग ती भीती जास्त वाटली.”